भाव इनबॉक्समध्ये कशाला?

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर सकाळी भाजी घ्यायला जाणाऱ्या माणसाला भाव विचारण्याची खरे तर गरज नसते. कांद्या-बटाट्याच्या ढिगात खोचलेल्या पुठ्ठ्यावर तो खडूने लिहिलेला असतो आणि जी काही घासाघीस व्हायची ती त्या आकड्यापासून सुरू होते. त्याच नाक्यापासून पायी दहा मिनिटांवर राहणारी एखादी गृहिणी दिवाळीपूर्वी आपल्या फराळाची पोस्ट समाजमाध्यमावर टाकते, तेव्हा त्या पोस्टमध्ये फुलांची नक्षी असते, पणत्या असतात, ‘घरगुती’, ‘चविष्ट’, ‘दर्जेदार’ ही विशेषणे असतात. भाव तेवढा नसतो. त्याच्या जागी ‘किमतीसाठी इनबॉक्स करा’ असे लिहिलेले असते. मग खाली प्रतिक्रियांची रांग लागते: ‘किंमत?’, ‘चकली कशी किलो?’, ‘रेट सांगा ताई’. आणि प्रत्येकीखाली एकच उत्तर, ‘इनबॉक्स केले आहे’. रस्त्यावरच्या बाजारात जी गोष्ट उघड्यावर मांडायची आपली जुनी रीत आहे, ती फोनवरच्या बाजारात कानात सांगायची गोष्ट कशी झाली आणि ती तशीच राहू द्यावी का, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही.

मी बरीच वर्षे छापील जाहिरातींचा मराठी मजकूर लिहिला. आता नौपाडा-पाचपाखाडीतल्या ओळखीच्या घरगुती व्यावसायिकांना, म्हणजे फराळवाल्या, केकवाल्या, ब्लाउज शिवणाऱ्या, हंगामात कोकणातून आंबे आणणाऱ्या मंडळींना पोस्ट लिहायला मदत करते. जवळजवळ प्रत्येकाची तक्रार सारखीच असते: फॉलोअर आहेत, गिऱ्हाईक नाही. (फॉलोअरला ‘अनुयायी’ म्हणावे असे काहीजण सुचवतात. अनुयायी संतांना असतात, पक्षांना असतात. चकली करणाऱ्या बाईला ते कुठून असणार? फॉलोअर म्हणजे दुकानाच्या पायरीशी उभा राहून आत डोकावणारा माणूस. तो आत येईलच असे नाही, पण त्याची पावले थांबली आहेत, एवढे खरे.) या पायरीवरच्या माणसाला आत कसे आणायचे, याचे शिक्षण देणारे वर्ग आणि व्हिडिओ आज उदंड झाले आहेत, आणि त्यांत शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक युक्त्या ठाण्यासारख्या शहरातल्या गल्लीतल्या धंद्याला अपायकारक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पोस्ट वाचून माणूस गिऱ्हाईक होतो तो कुतूहल चाळवल्यामुळे नव्हे. घ्यावे की न घ्यावे हे कोणाला काहीही न विचारता ठरवता येईल इतकी माहिती त्याला मिळाली, तर तो गिऱ्हाईक होतो.

त्या वर्गांत काय शिकवतात ते पाहू. पहिल्या ओळीने वाचणाऱ्याला अडकवायचे. मग त्याच्या मनात एखादी उणीव जागी करायची. मग ‘मोजक्याच ऑर्डर शिल्लक’ म्हणून घाई करायची. आणि शेवटी ‘कमेंटमध्ये हवंय असे लिहा, आम्ही माहिती पाठवतो’ म्हणून प्रतिक्रिया गोळा करायच्या, कारण प्रतिक्रिया वाढल्या की पोस्ट जास्त लोकांपर्यंत जाते. हे तंत्र ज्यांनी घडवले त्यांचे गिऱ्हाईक दूरचे असते. एकदा फसले किंवा वैतागले तर ते निघून जाते आणि त्याच्या जागी नवे येते; देश मोठा आहे. पाचपाखाडीतल्या फराळवालीचे गिऱ्हाईक मात्र तिला लिफ्टमध्ये भेटते, घंटाळी देवीच्या देवळात भेटते, मुलांच्या शाळेत पालकसभेला शेजारच्या बाकावर बसते. तिच्याकडून घेतलेले बेसनाचे लाडू फुटले तर ती बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दुपारच्या चहाच्या आत पोचते. अशा माणसाला खोटी घाई दाखवून एक डबा विकता येईलही, पण पुढची पाच वर्षे त्याच्याच समोरून ये-जा करायची आहे, हा हिशेब त्या व्हिडिओंत कोठेच नसतो.

भाव लपवणाऱ्यांची बाजू मी पुष्कळदा ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. पहिले कारण स्पर्धेचे: मी तीनशे लिहिले की समोरच्या इमारतीतली दोनशे ऐंशी लिहिणार. दुसरे, आकडा पाहताच माणूस दचकतो. आधी बोलणे झाले, साजूक तुपाचे आणि घरच्या भाजणीचे महत्त्व सांगून झाले, की तोच आकडा त्याला पटतो. तिसरे कारण यंत्राचे. प्रतिक्रिया आणि संदेश वाढले की माध्यम आपली पोस्ट पुढे ढकलते, मग भाव लिहून त्या प्रतिक्रिया हातच्या का घालवायच्या? चौथे कारण फारसे कोणी बोलून दाखवत नाही. घरी केलेल्या वस्तूचे पैसे उघडपणे मागताना अजूनही पुष्कळ बायकांचा जीव संकोचतो. शेजारणीला आपण आयुष्यभर वाटीभर काहीबाही देत आलो, तिच्याच डोळ्यांसमोर ‘अर्धा किलो ३०० रुपये’ असे लिहायचे म्हणजे जणू नाते मोडल्यासारखे वाटते. माझ्या मते भाव इनबॉक्समध्ये जाण्यामागे हा संकोच सर्वांत मोठा आहे. बाकीची कारणे नंतर जोडलेली आहेत.

पण हाच संकोच पायरीवर उभ्या असलेल्या माणसालाही असतो, हे विक्रेत्याच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे ‘भीड’ नावाची एक गोष्ट आहे. ओळखीच्या माणसाला भाव विचारला आणि मग घेतले नाही, तर काय वाटेल त्याला? त्यापेक्षा न विचारलेलेच बरे. पाटीवर भाव लिहिलेल्या दुकानासमोरून माणूस आकडा वाचतो, मनाशी हिशेब करतो आणि परवडत नसेल तर कोणाशी काही न बोलता पुढे जातो. त्याचा मान राहतो आणि पगार झाल्यावर परत यायची वाटही मोकळी राहते. इनबॉक्समध्ये मात्र त्याला आपले नाव आणि फोटो दाखवून विचारावे लागते, उत्तराला ‘बरं, कळवते’ असे खोटे सांगावे लागते, आणि त्यानंतर त्या पोस्टखाली पुन्हा फिरकायची चोरी होते. ज्यांनी ‘किंमत?’ असे लिहिले ते दिसतात, म्हणून विक्रेत्याला युक्ती यशस्वी झाल्यासारखी वाटते. ज्यांनी भिडेखातर विचारलेच नाही ते कोणत्याच आकडेवारीत येत नाहीत. त्यातच एक संशयही असतो. हिरानंदानीच्या संकुलात राहणाऱ्याला एक भाव आणि कोपरीतल्या चाळीत राहणाऱ्याला दुसरा, असे होत असेल का? बहुतेक वेळा होत नाही. पण झाकलेला भाव तसा संशय घ्यायला जागा देतो, आणि उघडा भाव देत नाही.

स्पर्धेच्या कारणाचे उत्तर तर अगदी सोपे आहे. समोरच्या इमारतीतल्या बाईला तुमचा भाव हवा असेल तर ती आपल्या नणंदेकडून इनबॉक्समध्ये विचारून घेते. म्हणजे झाकलेला भाव स्पर्धकापासून लपत नाही, लपतो तो भिडस्त गिऱ्हाइकापासून. यंत्राच्या कारणाबद्दल एवढेच सांगते की ही युक्ती माध्यमांनाही ठाऊक आहे. लोकांना ओढूनताणून लाइक, कमेंट आणि शेअर करायला लावणाऱ्या पोस्टना खाली ढकलण्यात येईल असे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले होते. यंत्राला चकवायच्या युक्त्या यंत्राच्या मालकाच्या मर्जीवर जगतात. भाड्याच्या जागेत राहून कोणी भिंती पाडून घर सजवत नाही, तसाच हा प्रकार आहे.

खोट्या घाईबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो आता निव्वळ सभ्यतेचा विषय राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवून किंवा गोंधळवून खरेदीकडे ढकलणारे तेरा प्रकार त्यांत नोंदले आहेत आणि त्यांत पहिलाच प्रकार खोट्या निकडीचा आहे: वस्तू संपत आली आहे, वेळ सरत आली आहे असे खोटेच भासवून माणसाला तातडीने विकत घ्यायला लावणे. ही तत्त्वे मोठ्या संकेतस्थळांपुरती नाहीत. जाहिरातदार आणि विक्रेते यांनाही ती लागू आहेत. दिल्लीतले प्राधिकरण पाचपाखाडीतल्या चकलीवालीच्या मागे लागेल असे मला सुचवायचे नाही, ते हास्यास्पद होईल. पण ‘शेवटचे पाच डबे’ असे सलग नऊ दिवस लिहिणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळावे, एवढ्यासाठी त्या अधिसूचनेचा उल्लेख केला. खरी निकड असेल तर ती कारणासकट लिहावी. घरच्या दोन शेगड्यांवर दिवसाला सहा किलोंपेक्षा जास्त चकली तळून होत नाही, म्हणून २० तारखेनंतर ऑर्डर घेणार नाही, हे वाक्य घाई करतेच, शिवाय बाई स्वतः तळते याचा पुरावाही देते. ‘त्वरा करा!’ या दोन शब्दांत तसे काहीच नाही. (‘त्वरा करा’ असे मराठी माणूस बोलताना कधी म्हणतो, हे मला अजून कळलेले नाही. आग लागली तरी आपण ‘चला लवकर’ म्हणतो.)

आता एक प्रत्यक्ष नमुना. माझ्या एका वहिनींची दोन वर्षांपूर्वीची पोस्ट अशी होती: ‘या दिवाळीला आपल्या जिवलगांना द्या घरगुती चवीचा आनंद! शुद्ध, चविष्ट, दर्जेदार फराळ. ठाण्यात सर्वत्र घरपोच. मोजक्याच ऑर्डर शिल्लक. किमतीसाठी इनबॉक्स करा.’ यात वहिनींचे असे एकही वाक्य नाही. हीच पोस्ट डोंबिवलीतल्या किंवा नेरूळमधल्या कोणाच्याही नावावर खपली असती. मी त्यांना लिहायला न बसवता बोलायला बसवले आणि गिऱ्हाइके फोनवर काय विचारतात तेवढेच सांगायला सांगितले. अर्धा किलोत किती चकल्या बसतात? तेल कोणते? भाजणी विकतची की घरची? आजोबांना चावेल का? किती दिवस टिकेल? अमेरिकेला पाठवायची आहे, तुकडे होतील का? या प्रश्नांची उत्तरे एकाखाली एक मांडली आणि पोस्ट तयार झाली: ‘भाजणीची चकली, अर्धा किलो ३०० रुपये, साधारण वीस-बावीस नग. भाजणी घरी भाजून गिरणीतून दळून आणते. तळण शेंगदाण्याच्या तेलात. खुसखुशीत आहे, पण कडबोळ्यासारखी मऊ नाही. दातांचा त्रास असेल त्यांनी अनारसे घ्यावेत. हवाबंद डब्यात तीन आठवडे चांगली राहते. कुरिअरने पाठवायची असेल तर आधी सांगावे, वेगळी बांधून देते.’ खाली अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करावी लागते. ती वहिनींनी केव्हाच केली होती. तो क्रमांक पोस्टमध्ये लिहिण्यासारखा आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

‘दातांचा त्रास असेल त्यांनी अनारसे घ्यावेत’ हे वाक्य काढून टाकावे असा घरातल्या तरुण मंडळींचा आग्रह होता. आपणच आपल्या मालाची उणीव का सांगायची, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते त्या पोस्टमधले सर्वांत जास्त विक्री करणारे वाक्य तेच आहे. जो विक्रेता कोणी घेऊ नये हे सांगतो, त्याच्या बाकीच्या वाक्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. आणि विश्वास विशेषणांनी कमावता येत नाही.

‘ठाण्यात सर्वत्र घरपोच’ याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. ठाणे म्हणजे नौपाडा आणि ठाणे म्हणजे कासारवडवलीही. स्टेशनच्या पूर्वेला कोपरी आहे, खाडीपलीकडे कळवा आहे. संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावरून अर्धा किलो चकली कासारवडवलीला नेऊन देणे म्हणजे काय हे ज्याने एकदा केले आहे तो ‘सर्वत्र’ हा शब्द पुन्हा लिहिणार नाही. कोणत्या भागात फुकट, कोणत्या भागात किती रुपये जादा आणि कोणत्या वारी, हे लिहिले नाही तर तो खर्च शेवटी वादाच्या रूपाने पुढे येतो. सुरुवातीला एक भाव सांगायचा आणि पैसे देण्याच्या वेळी आणखी काहीतरी त्यात मिळवायचे, हाही त्या तेरा प्रकारांपैकीच एक आहे. वहिनींच्या मनात अर्थातच फसवणूक नव्हती. त्यांनी लिहिले नव्हते, इतकेच.

माध्यमाच्या घडणीचे काही भाग मात्र समजून घेतलेच पाहिजेत, कारण ते मजकुरावर परिणाम करतात. इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट २०१६ पासून वेळेच्या क्रमाने दिसत नाहीत. सोमवारी टाकलेली पोस्ट कोणाला गुरुवारी दिसते. म्हणून पोस्टमध्ये ‘आज’, ‘उद्या’, ‘या रविवारी’ हे शब्द चुकीचे आहेत. तारीख आणि वार लिहावा. मजकुराच्या पहिल्या सव्वाशेएक अक्षरांनंतर उरलेले वाक्य झाकले जाते आणि वाचणाऱ्याला ते मुद्दाम उघडावे लागते, त्यामुळे वस्तू, वजन आणि भाव या गोष्टी दिवाळीच्या शुभेच्छांच्या आधी यायला हव्यात. मजकुरात दिलेला दुवा तिथे दाबता येत नाही, तरी लोक लांबलचक दुवे चिकटवतात. या बाबी कोणालाही पाच मिनिटांत शिकवता येतील. त्यांचे आठवडाभराचे वर्ग भरवण्याचे कारण मला दिसत नाही.

आंब्यांच्या बाबतीत हा विषय आणखी गंभीर होतो. कोकणातल्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याची मान्यता, मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि आपला ठाणे जिल्हा त्या मानांकनात येतात. तरीही दर एप्रिलमध्ये ‘अस्सल देवगड हापूस’ या तीन शब्दांखाली काय काय विकले जाते, हे वाशीच्या फळबाजारात एकदा फेरी मारलेल्याला वेगळे सांगायला नको. काही वर्षांपूर्वी मीच एका पोस्टवर विश्वास ठेवून दोन पेट्या मागवल्या. फोटो सुरेख होते, ‘अस्सल’ हा शब्द चार वेळा होता, भाव अर्थातच इनबॉक्समध्ये कळला. आलेले फळ दिसायला हापूससारखे, सालीला जाड आणि वासाला मुके होते. विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने सांगितले की, पोस्टमध्ये आम्ही बागेचे नाव कुठे लिहिले होते? तो बरोबर बोलत होता. काहीच लिहिले नव्हते, म्हणून काहीच खोटे ठरत नव्हते. त्या दिवसापासून मी विशेषण आणि विधान यांतला फरक प्रत्येकाला सांगत आले आहे. ‘अस्सल’ हे विशेषण आहे. ते तपासता येत नाही. ‘कुणकेश्वरजवळची बाग, २०० ते २५० ग्रॅमचे फळ, डझन अमुक रुपये, पेंढ्याच्या आढीत पिकवलेले, कार्बाइड नाही, खराब निघाल्यास बदलून’ हे विधान आहे. ते खोटे निघाले तर माणसाला पकडता येते. आंबे पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा ‘कार्बाइड नाही’ म्हणजे काही उपकार नव्हे, पण लिहिणारा त्या वाक्याने स्वतःला बांधून घेतो. मला विचाराल तर पोस्टचे खरे मोल त्या बांधून घेण्यात आहे.

याच न्यायाने शिफारशीच्या पोस्टकडेही पाहावे. शहरातल्या खाण्याबद्दल लिहिणाऱ्या एखाद्या लोकप्रिय पानाला फराळाचा डबा भेट पाठवायचा आणि त्यांनी ‘ठाण्यातली सर्वोत्तम चकली’ म्हणून रील करायचा, ही पद्धत आता रुळली आहे. भेट देण्यात गैर काही नाही. पण फुकट वस्तू, पैसे किंवा अन्य कोणताही लाभ घेऊन शिफारस केली असेल तर ते ठळकपणे सांगितले पाहिजे, असे जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून स्पष्ट झाले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘डबा भेट मिळाला’ हे तीन शब्दांचे सत्य लिहायला रीलमध्ये जागा नसते, असे मला कोणी सांगू नये.

आता ज्या आकड्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो तो, म्हणजे फॉलोअरची संख्या. व्हॉट्सॲपवर एका प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये) जास्तीत जास्त २५६ जणांना घालता येते आणि ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. तांत्रिकदृष्ट्या ही अडचण आहे. व्यापाराच्या दृष्टीने मला ती फार उपयोगी वाटते, कारण ‘चकलीवाल्या काकू’ या नावाने तुमचा क्रमांक जतन करणारा माणूस पायरीवरून आत आलेला असतो. दहा हजार फॉलोअर असलेल्या पानापेक्षा अशा दोनशे क्रमांकांच्या यादीवर दिवाळी आणि गौरी-गणपती हे दोन्ही हंगाम निघतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ज्या धंद्याची रोजची कुवत सहा किलोंची आहे, त्याला दहा हजार लोक हवेत कशाला, हा प्रश्न कोणी स्वतःला विचारत नाही. आलेली मागणी पुरवता आली नाही की खोटी घाई खरी होते आणि दर्जा घसरतो.

माझ्या या मतावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो विचार करण्यासारखा आहे. आकडे, वजने आणि तारखा लिहून पोस्ट किराणा मालाच्या यादीसारखी होईल. माणसे गोष्टीला भुलतात, यादीला नाही. गोष्ट सांगू नये असे मी म्हणतच नाही. वहिनींच्या सासूबाई भाजणी भाजताना धने किती वेळ परतायचे ते घड्याळावर न पाहता वासावरून सांगत, हे त्यांनी एका पोस्टमध्ये लिहिले तेव्हा ते मलाही आवडले. पण त्या गोष्टीखाली भाव होता. गोष्ट भावाच्या जागी आली की ती गोष्ट राहत नाही, पडदा होते. आणि नेमकेपणा रुक्ष असतो असे तरी कोणी ठरवले? महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाट्यांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ असे लिहिलेले असते. त्यात विशेषण नाही, घाई नाही, आर्जव नाही. एक तपासता येण्याजोगे विधान आहे, आणि तरी दुकानदाराचा सगळा ताठा आणि सगळी हमी त्यात उतरलेली आहे.

ज्या वस्तूचा भाव आधी सांगताच येत नाही, तिचे काय? ब्लाउजची शिलाई कापडावर आणि नक्षीवर ठरते, केक वजनावर आणि सजावटीवर. तिथे ‘पासून’ लिहावे: साधा ब्लाउज अमुक रुपयांपासून, अस्तराचा अमुक रुपयांपासून, आणि मागच्या महिन्यात शिवलेल्या दोन-तीन ब्लाउजांचे फोटो ज्याच्या त्याच्या शिलाईसकट. वाचणारीला आपल्या ऐपतीचा अंदाज येतो आणि उरलेले बोलणे मग खरोखर बोलण्यासारखे होते.

हा सार्वजनिक प्रश्न आहे असे मी मानते, कारण शिकवण्याचे काम सार्वजनिक पैशाने चालते. बचत गटांना विपणनाचे प्रशिक्षण सरकारी योजनांतून दिले जाते. महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ पासून बायकांच्या व्यवसायांसाठी काम करते आहे. प्रदर्शनात पापड-मसाल्यांचे स्टॉल लावणाऱ्या बायकांच्या टेबलावर भावफलक असतो. तीच बाई घरी जाऊन फोनवर पोस्ट टाकते तेव्हा भाव काढून टाकते, कारण ऑनलाइन असेच करतात असे तिला कोणीतरी शिकवलेले असते. प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात ‘रीच कसा वाढवावा’, म्हणजे पोस्ट जास्त लोकांपर्यंत कशी न्यावी, यावर जितके तास जातात त्यांतले निम्मे काढून घ्यावेत आणि प्रत्येक बाईकडून एक पोस्ट लिहून घ्यावी. तिच्यात वस्तू, वजन, भाव, पोचवण्याचा भाग आणि शेवटची तारीख एवढे असले की पुरे. मग ती पोस्ट शेजारणीला वाचायला द्यावी, आणि तिला एकही प्रश्न विचारावासा वाटला तर त्याचे उत्तर पोस्टमध्ये घालून पुन्हा लिहावी. याला तज्ज्ञ लागत नाही.

वहिनींच्या गेल्या दिवाळीतल्या पोस्टखाली आधीच्या तुलनेत प्रतिक्रिया फारच थोड्या होत्या, ‘किंमत?’ लिहिणारे सगळेच नाहीसे झाले होते आणि त्या दोन दिवस खट्टू होत्या. मग एका अनोळखी गृहस्थांनी उघडपणे लिहिले, ‘अर्धा किलोला ३०० जास्त वाटतात.’ वहिनींनी ती प्रतिक्रिया काढून टाकली नाही. शेंगदाणा तेलाच्या डब्याचा त्या आठवड्यातला भाव लिहिला, पाव किलोचे पाकीट १५० ला मिळते असेही लिहिले. त्यावर त्या गृहस्थांचे काही उत्तर आले नाही. त्यांच्या खाली वर्तकनगरच्या एका बाईंनी पाव किलोची दोन पाकिटे मागितली, आणि ती वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवता येतील का, असे विचारले.